तुमचं वाय-फाय का रेंगाळतं?

"अगं, नेट गेलं वाटतं!" ही आरोळी हल्ली दिवसातून एकदा तरी घराघरांतून ऐकू येते. सूनबाईंची ऑफिसची मीटिंग ऐन रंगात आलेली असते, नातवाची ऑनलाइन परीक्षा चालू असते, नाहीतर आजीबाई परदेशातल्या लेकाशी व्हिडिओवर बोलत असतात, आणि नेमका तेव्हाच पडद्यावरचा चेहरा गोठतो. तोंड उघडं, आवाज बंद! मग राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, तरी भागलं नाही तर तक्रारीचा फोन लावायचा. तिकडून बहुधा सल्ला येतो, "मॅडम, मोठा प्लॅन घ्या." महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त जातात, आणि चेहरा पुन्हा गोठतोच.

मैत्रिणींनो, दर वेळी दोष प्लॅनचा नसतो. बाहेरून घरात येणारी तार वेगळी आणि राउटरपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतची हवेतली वाट वेगळी. प्लॅनचे पैसे आपण भरतो ते तारेचे. हवेतली वाट अडली असेल, तर मोठा प्लॅन घेणं म्हणजे नळाची तोटी तुंबलेली असताना गच्चीवर मोठी टाकी बसवण्यासारखं आहे. खात्री करायची साधी रीत आहे. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजा. मग वायर काढून आतल्या खोलीत बसा आणि पुन्हा मोजा. वायरवर वेग चांगला आणि खोलीत मात्र रडगाणं, असं दिसलं तर प्लॅनला हात लावू नका. गोम हवेत आहे.

हवेत नेमकं काय असतं, ते समजून घेऊ. घाबरू नका, ज्यांनी लहानपणी रेडिओची खुंटी पिळून स्टेशन लावलंय त्यांना हे सहज कळेल. रात्री सिलोन लावताना दोन स्टेशनं एकमेकांत कशी मिसळायची, आठवतंय ना? प्रत्येक स्टेशनला काट्याखाली एक ठरावीक जागा असते, आणि त्या जागेला थोडी रुंदीही असते. दोन स्टेशनं फार जवळ आली की खरखर सुरू. वाय-फायचा राउटर हाही एक रेडिओच आहे. फरक इतकाच, की तो नुसता ऐकत नाही, बोलतोही. आणि त्याला लागणारी जागा केवढी, ते ऐकून थक्क व्हाल. आपलं सगळं एफ.एम. ८८ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावतं. विविध भारतीपासून खाजगी स्टेशनांपर्यंत सगळी त्यात आली! तुमच्या घरातला राउटर कमीत कमी जागा घेतो, तीच मुळी २० मेगाहर्ट्झ. हीच चॅनेलची रुंदी.

एके काळी घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात जाऊन लायसन काढावं लागे. आता घरोघरी बोलणारे रेडिओ आले, पण लायसन नाही, कारण सरकारने काही पट्टे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. अमेरिकेत ही मोकळीक १९८५ साली मिळाली. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. मोकळीक मिळाली खरी, पण जागा मर्यादितच. हा पट्टा २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे जेमतेम ८३ मेगाहर्ट्झचा.

चाळीतल्या सामाईक गॅलरीत कपडे वाळत घालायची एकच दोरी आहे, असं समजा. दोरी ८३ हातांची. प्रत्येक बिऱ्हाडाने २० हातांची जागा घेतली, मध्ये थोडी फट सोडली, तर तीन बिऱ्हाडांचे कपडे एका वेळी नीट वाळतात. या तीन जागा म्हणजेच चॅनेल १, ६ आणि ११. राउटरच्या यादीत १ ते १३ असे आकडे दिसतात, त्यामुळे तेरा स्वतंत्र वाटा आहेत असा भास होतो. तो निव्वळ भास! एका आकड्यापासून पुढचा आकडा फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहे आणि प्रत्येक चॅनेलला जागा हवी २०. म्हणून एकमेकांवर न येणारी तीनच.

आता एखादीने ४० हातांची जागा अडवली तर? तिचे कपडे एका खेपेला दुप्पट निघतील. वाय-फायचंही तसंच. एकाच अँटेनाच्या साध्या फोनला २० मेगाहर्ट्झवर कागदोपत्री सेकंदाला ७२ मेगाबिट मिळतात, तर ४० वर १५०. २००९ साली वाय-फायच्या नियमांत ही ४० ची सोय आली, तेव्हापासून खोक्यांवर ते मोठे आकडे झळकू लागले. पण दोरी तेवढीच राहिली ना! चॅनेल १ पासून ४० मेगाहर्ट्झ पसरलं, की १ आणि ६ या दोन्ही जागा गेल्या. उरली एकटी ११. तीस बिऱ्हाडांच्या इमारतीत प्रत्येकाने असं केलं तर कुणाचेच कपडे धड वाळायचे नाहीत.

बरं, राउटर भांडत नाहीत. आपल्यापेक्षा शहाणे आहेत म्हणा ना! आधी कानोसा घेतात, दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतात, ते गप्प झालं की आपलं बोलतात. म्हणजे जितकी जास्त जागा तुम्ही अडवाल, तितक्या जास्त शेजाऱ्यांसाठी थांबण्याची पाळी तुमच्यावर येणार. आजींच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. चेहरा गोठतो तो बहुतेक वेळा वेग कमी पडतो म्हणून नव्हे, पाळी वेळेवर येत नाही म्हणून. हे एकदा ध्यानात आलं, की इमारतीत राहणारीने २.४ च्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झच का ठेवावेत, हे वेगळं सांगायला नको.

इथे आणखी एक गंमत आहे आणि ती पुष्कळांना उलटी वाटते. "शेजारी १ वर आहेत, पलीकडचे ६ वर, मग मी आपली मधली ३ घेते," असं एखादी म्हणेल. दिसायला शहाणपण, पण नका करू! १ वरच्या शेजारणीबरोबर तुम्हीही १ वर असलात, तर दोन्ही राउटरना एकमेकांचं बोलणं उमगतं आणि ते पाळीपाळीने काम करतात. ३ वर गेलात, तर तुमचे अर्धे कपडे तिच्या ओल्या कपड्यांवर पडतात नि उरलेले तिसरीच्या. एकमेकांचं बोलणं नीट कळत नाही, नुसती खरखर ऐकू येते. ना तिचं धड, ना तुमचं. तेव्हा निवड १, ६, ११ यांतूनच.

या दोरीवर आणखीही भाडेकरू आहेत. तुमचा मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बरोबर याच पट्ट्याच्या मध्यावर चालतो. त्याच्या दारातून अगदी किंचित ऊर्जा बाहेर झिरपते. तब्येतीला त्याने काही होत नाही, पण राउटरचं बोलणं मुळातच इतकं हळू आवाजातलं, की तेवढ्यानेही अडथळा येतो. भाजी गरम करायला ठेवली आणि मुलाचा क्लास अडकला, तर दैवाला बोल लावू नका. राउटर ओव्हनच्या शेजारून हलवा.

कानात घालायची ती ब्लूटूथची बोंडंही इथलीच, पण ती हुशार. एका जागी न थांबता सेकंदाला शेकडो वेळा जागा बदलत टुणटुण उड्या मारतात. जागा बदलत बोलण्याच्या या युक्तीचं एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं, तेही पाणतीरासाठी! शत्रूला संदेश अडवता येऊ नये म्हणून. तिला 'वाय-फायची जननी' म्हणतात ते मात्र मला जरा अतीच वाटतं; पण जिच्या रूपापलीकडे पाहायला फारसं कुणी तयार नव्हतं, तिने हा विचार केला याचं कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. असो.

तर मग करायचं काय? दुसरी दोरी बांधायची. ती आहे ५ गिगाहर्ट्झची. हल्लीचे बहुतेक राउटर दोन्हीवर चालतात. आपल्या सरकारने २०१८ साली या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले, म्हणजे पहिल्या दोरीच्या सातपट! इथे ४० तर सोडाच, ८० मेगाहर्ट्झसुद्धा पसरता येतात. एका अँटेनाच्या फोनला मग कागदावर ४३३ मेगाबिट मिळतात. (कागदावरच्या आकड्याच्या निम्मं हाती लागलं तरी पुष्कळ समजा.)

मात्र दोन गोष्टी पदराला बांधून ठेवा. पहिली भिंतींची. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे साधारण अर्धी वीत. ५ ची त्याच्याही निम्म्याहून लहान. ही छोटी लहर भिंती ओलांडताना लवकर दमते. हॉलमध्ये राजा आणि तिसऱ्या खोलीत रंक, असा तिचा स्वभाव. दुसरी गोष्ट तुपाची. राउटरची ताकद ठरलेली असते. चमचाभर तूप एका पोळीला लावलं तर पोळी मऊ होते, तेच चार पोळ्यांना पुरवलं तर नुसता वास. रुंदी दुप्पट केली, की प्रत्येक मेगाहर्ट्झच्या वाट्याला निम्मी ताकद येते आणि पल्ला आखडतो. म्हणून १६० मेगाहर्ट्झ हा आकडा दुकानात ऐकायला छान, पण जाड भिंतींच्या घरात त्याचा उपयोग राउटरसमोर बसलेल्यालाच. शिवाय या पट्ट्याच्या मधल्या चॅनेलांवर हवामानाचे आणि इतर रडारही चालतात. तिथे राउटरला आधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो, आणि रडारचा आवाज आला तर जागा सोडावी लागते. म्हणून पुष्कळ राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनेलांवरच घर करतात, आणि तिथेही गर्दी होतेच. दाट वस्तीत ५ च्या पट्ट्यातही ४० मेगाहर्ट्झ बरे. फार शेजारी दिसत नसतील तर ८०.

हे बदलायचं कसं? राउटर उलटा करा. तळाच्या चिठ्ठीवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका (आकडे इंग्रजीत, बरं का). 'वायरलेस' असं लिहिलेलं पान उघडलं, की 'चॅनेल' आणि 'चॅनेल विड्थ' किंवा 'बँडविड्थ' अशा दोन जागा सापडतील. बहुधा तिथे 'ऑटो' लिहिलेलं असतं. २.४ साठी विड्थ २० करा आणि चॅनेल १, ६, ११ पैकी सर्वांत कमी गर्दीचं. गर्दी कुठे आहे ते दाखवणारी फुकट ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात. टेकड्यांसारख्या रंगीत कमानी दिसतात, त्यांत तुमच्या शेजाऱ्यांची नावंही वाचायला मिळतील! बदलण्याआधी जुन्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे चिंता नको.

एकटीने बदललं तर थोडा फरक पडेल, सगळ्यांनी मिळून केलं तर अधिक. भिशीला किंवा हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा हा विषय काढून पाहा. पहिल्या मजल्याने चॅनेल १, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ११, चौथ्याने पुन्हा १ अशी वाटणी केली आणि सर्वांनी २० मेगाहर्ट्झ ठेवले, की वरच्या-खालच्यांचा एकमेकांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. एका मजल्यावरची घरं एकाच चॅनेलवर राहिली तरी चालतं, ती पाळीपाळीने बोलतात. पाण्याच्या वेळा वाटून घेणाऱ्या सोसायट्यांना हे अवघड जाऊ नये. खालच्या मजल्यावरच्या काकांना पटवणं तेवढं जड जाईल. त्यांच्या घरी आधी नातवाला पाठवा.

टीव्ही आणि ऑफिसचा लॅपटॉप एका जागी बसणारे असतील, तर त्यांना सरळ वायर लावा. तेवढीच हवेतली गर्दी कमी. फोन घेऊन हॉलमध्ये बसणाऱ्यांना ५ चं वाय-फाय द्या. आतल्या खोलीतल्या आजींना मात्र २.४ चंच ठेवा.

आणि ज्यांचं घर स्वतंत्र आहे, कोकणातलं वाडीतलं असो की गावाबाहेरचा बंगला, त्यांना हे एवढं काटेकोर पाळायचं कारण नाही. दोरी सगळी तुमचीच! ५ वर खुशाल ८० लावा. फक्त अंगणातल्या झोपाळ्यावर बसून लेकीशी बोलायचं असेल, तर तिथपर्यंत पोचणारं २.४ आणि २० मेगाहर्ट्झच.