चित्रातली बाई, मनात काय?

बाईचं चित्र दिसलं की "किती सुंदर!" म्हणत आपण पुढे सरकतो. जरा थांबा. तिचा मूड ओळखायच्या खुबी आपल्या सातारा-सांगलीकडेच सापडतात!

नाव झाकून बघा. खटाव तालुक्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मांची 'सैरंध्री' आहे. आधी नुसता चेहरा बघा, मग नाव वाचा. ही विराट राजाच्या घरी दासी होऊन राहिलेली, कीचकाच्या नजरेत भरलेली द्रौपदी! आता तोच चेहरा वेगळा वाटतो. मूड अर्धा रंगात, अर्धा गोष्टीत.

राजाच चित्रकार. हे संग्रहालय १९३८चं, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं. ते स्वतःही चित्रं काढत. त्यांच्या आश्रयाला राहिलेले वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर मूळचे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेले चित्रकार. लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता!

रंग काढून बघा. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करही जे. जे.त गेले होते. पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत, हे कळलं आणि कुंचला सुटला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात. रंगांशिवाय चित्रात काय उरतं, ते तुम्हीही बघा: चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा. उदासी तरीही टिकली, तर ती छायाप्रकाशात आहे. उडाली, तर रंगात होती.

मान बघा. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे गायक-नट बालगंधर्व स्त्रीवेशात उभे राहिले की बायका त्यांच्या साडी नेसण्याची नक्कल करत. मानेचा कल, पदर धरलेली बोटं: चित्रकारही भाव तिथेच पेरतो.

उजेड कुठून येतो? यासाठी जरा सातारा-सांगलीबाहेर जाऊ. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांची दिवा घेतलेली तरुणी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ती रविवर्मांची समजतात; पण रविवर्मा १९०६ मध्येच गेले आणि हे चित्र चाळिशीच्या दशकातलं. समोर उभी होती हळदणकरांची मुलगी गीता. विशेष म्हणजे हे तैलचित्र नाही, जलरंग! जलरंगात चूक झाकता येत नाही. उजेडासाठी कागदाचाच पांढरा राखावा लागतो. दिव्याआड धरलेली लालसर बोटं बघा, चेहऱ्यावरची ऊब तिथूनच येते.

सुट्टीत पोरांना घेऊन औंधला जा. यमाई देवीचं दर्शन घ्या आणि संग्रहालयात पाटी वाचण्याआधी पैज लावा: बाई रुसलीय, घाबरलीय की वाट बघतेय?