दहशतवाद: शब्द, पुरावा आणि युद्ध

२००८ च्या नोव्हेंबरातली गोष्ट आपल्याला आठवत असेल. मुंबईवर चालून आलेल्या दहा हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानाच्या विश्वस्तांनी त्यांच्या दफनाला जागा नाकारली. निरपराधांना मारणारा इस्लामचा अनुयायी असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. मारेकऱ्यांची नावे काय आहेत हे त्यांनी पाहिले नाही, कृत्य पाहिले.

त्या विश्वस्तांना जे इतक्या सहजपणे उमगले, ते जगातल्या सरकारांना अजून कागदावर उतरवता आलेले नाही. राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये दहशतवादाविरुद्ध एक करार तयार केला. त्याला रीतसर मंजुरी दिली ती एकट्या हिंदुस्थानने, तीही इंग्रजांच्या अमलाखाली असताना. तो करार कधी लागूच झाला नाही. पुढे १९९६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत एका सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तोही अडकून पडला. परक्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना दहशतवादी म्हणायचे का? आणि सरकारी सैन्याने नागरिकांना मारले तर त्याला काय म्हणायचे? या दोन प्रश्नांवर एकमत होत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द सैल वापरला की कविता बिघडते, एवढेच नुकसान. पण ज्या शब्दावरून युद्ध पुकारले जाते, तो सैल वापरला तर माणसे मरतात. म्हणून हा विषय केवळ कायदेपंडितांचा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरण्यास मनाई केली आहे. ५१ व्या कलमाने मात्र सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. आता प्रश्न असा, की एखाद्या टोळीने केलेला हल्ला हा देशाने केलेला हल्ला केव्हा ठरतो?

साधे उदाहरण घेऊ. एका घरात चोर सापडला. घरमालकाला त्याचा पत्ताच नसेल. किंवा पत्ता असून तो गप्प बसला असेल. किंवा त्याने चोराला जेवू घातले, हत्यार दिले असेल. किंवा त्यानेच त्याला चोरीला धाडले असेल. या चौघा घरमालकांना आपण एकच शिक्षा देणार नाही. ‘दहशतवादाला पाठबळ’ या दोन शब्दांत मात्र हे चारही प्रकार एकत्र बांधले जातात.

निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये हा भेद स्पष्ट केला. तिथल्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेने पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले होते. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. पण बंडखोरांच्या प्रत्येक अत्याचाराचा दोष अमेरिकेच्या माथी मारला नाही, कारण त्या कृत्यांवर तिचे प्रत्यक्ष नियंत्रण असल्याचे सिद्ध झाले नव्हते. सशस्त्र टोळ्या धाडणे हा हल्ला ठरू शकतो. नुसती शस्त्रे पुरवणे गैर असले, तरी तेवढ्यावरून तो सशस्त्र हल्ला ठरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

११ सप्टेंबर २००१ नंतर ही रेषा पुसट झाली. दहशतवादी आणि त्यांना आश्रय देणारे यांत आम्ही फरक करणार नाही, असे अमेरिकेने जाहीर केले. अफगाणिस्तानबाबत निदान आश्रयाची बाब उघड होती. बिन लादेनला हवाली करा, असे सुरक्षा परिषदेने तालिबानला १९९९ मध्येच बजावले होते. पण २००३ मध्ये इराकवर चाल करतानाही अल कायदाशी संबंधांचा हवाला दिला गेला. अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने २००४ मध्ये सांगितले, की दोघांनी मिळून हल्ले केल्याचा पुरावा सापडला नाही. तोवर इराकमध्ये युद्धाचा वणवा पेटला होता.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आला आहे. २००८ मध्ये १६६ माणसे गमावूनही भारताने युद्ध पुकारले नाही. पुरावे गोळा केले, पाकिस्तानपुढे आणि जगापुढे ठेवले. जिवंत पकडलेल्या कसाबवर खटला चालवून २०१२ मध्ये त्याला फाशी दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, तेव्हा मार्ग बदलला. ७ मे रोजी भारताने पाकिस्तानात हल्ले केले, आणि दहशतवादी व त्यांना पोसणारे सरकार यांत यापुढे फरक करणार नाही, असे पंतप्रधानांनी सांगितले. पाकिस्तानने आपला हात नाकारला.

ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांचा संताप रास्तच आहे. पण असा नियम करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी दुप्पट होते. बलुचिस्तानातल्या हिंसेमागे भारत आहे, असा आरोप पाकिस्तान करतो आणि भारत तो फेटाळतो. जो पुरावा आपण त्यांच्याविरुद्ध पुरेसा मानू, तेवढाच उद्या ते आपल्याविरुद्ध पुरेसा मानतील. आणि दोघांच्याही हाती अणुबॉम्ब आहेत.

म्हणून ‘दहशतवाद’ हा शब्द ऐकला, की आपण दोन प्रश्न विचारावेत. मारले गेलेले निःशस्त्र नागरिक होते का? आणि ज्या सरकारवर बोट रोखले आहे, त्याने नेमके काय केले: डोळेझाक केली, आसरा दिला, की हुकूम सोडला? मारणारा आपला असो वा परका, प्रश्न हेच राहावेत. बडा कबरस्तानाच्या विश्वस्तांनी आपल्याच धर्माचे नाव लावणाऱ्यांना हे माप लावले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)