आईच्या अंगात रक्त कमी, तर पोटातल्या बाळाचं काय?

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीत कंपन्यांमधल्या कामासाठी बाहेरगावाहून आलेली बरीच कुटुंबं भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. घरातल्या बाईला दिवस गेले की थकवा, चक्कर, धाप हे सगळं "होतंच असं" म्हणून सोडून दिलं जातं. पण ही रक्त कमी असल्याची लक्षणं असू शकतात, आणि त्याचा फटका बाळालाही बसतो.

किती म्हणजे कमी?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया आणि ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांना ॲनिमिया आढळला. म्हणजे दोघींमागे एक.

बाळावर काय परिणाम होतो?

बाळ पोटात स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून त्याला मिळतो. हिमोग्लोबिन कमी पडलं तर बाळाची वाढ मंदावू शकते, जन्मवेळी वजन अडीच किलोपेक्षा कमी भरू शकतं, ३७ आठवड्यांआधीच बाळंतपण होऊ शकतं.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह घेऊन साठवतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, त्यामुळे जन्मानंतरचे पहिले महिने बाळ याच साठ्यावर काढतं. साठा अपुरा असेल तर बाळालाही ॲनिमिया होतो आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आईच्या अंगात आधीच रक्त कमी असेल, तर बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो.

गोळी का टाळली जाते?

"गोळीने बाळ काळं होतं", "बाळ फार मोठं होतं" असं काहीजणी सांगतात. दोन्ही खोटं आहे. शौचाला काळी होते, मळमळतं, पोट साफ होत नाही, एवढं मात्र होऊ शकतं. तरी गोळी बंद करू नका, सिस्टरांना सांगा.

सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची. बाळंतपणानंतरही १८० दिवस. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाणी किंवा पेरूसोबत लोह चांगलं अंगी लागतं. जेवणात मटण, खिमा, मासे, अंडी, डाळी, पालेभाज्या असू द्या. कलेजी मात्र रोज नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

रोजाचं काय?

आईच्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे, तो नंतर पूर्ण करता येतो. एचबी कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नका.

कुठे जायचं?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. नाव माहेरच्या गावात नोंदलेलं असलं तरी इथल्या आशाताईंना भेटा, कार्ड सोबत ठेवा. एचबी ७ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, शिरेतून लोह किंवा रक्त देण्याची गरज पडू शकते. बसल्या जागी धाप लागली तर १०८ ला फोन करा.

आणि घरातल्या पुरुषांनो, तपासणीच्या दिवशी एक सुट्टी टाका.