ब्रेक मारला की पिकअपचं स्टेअरिंग का थरथरतं? डिस्क खरंच वाकते का?

माझे मामा नारायणगावहून टोमॅटो घेऊन कल्याणला जातात. रात्रीचा प्रवास, भरलेला पिकअप आणि मध्ये माळशेज घाट. मागच्या वर्षी त्यांच्या गाडीचं स्टेअरिंग ब्रेक मारला की थरथरायला लागलं. गॅरेजवाल्याने सांगितलं, "डिस्क वाकलीय." लेथवर डिस्क घासून झाली, पैसे गेले आणि दोन महिन्यांत थरथर परत हजर! मामा म्हणाले, "अरे, जुनी गाडी आहे, हलणारच." पण एका रात्री घाटाच्या शेवटच्या वळणावर पेडल मऊ होऊन जवळजवळ तळाला गेलं. गाडी थांबली, पण तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलो.

आधी उष्णतेचा हिशोब बघा. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो. माल धरून गाडी 2,800 किलोची आहे आणि घाटात ती 400 मीटर खाली उतरली असं समजू. ही ऊर्जा म्हणजे 60 च्या वेगातली गाडी साधारण 28 वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. वेगळ्या भाषेत सांगायचं तर साधं 35 लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी. थोडी हवा आणि टायर घेतात, पण इंजिनला काम दिलं नाही तर बाकी सगळी ब्रेकवर येते. गेम खेळताना मोबाईल तापला की प्रोसेसर स्वतःहून हळू होतो ना? ब्रेकला ती सोय नाही.

आता "वाकली" या शब्दाकडे येऊ. डिस्क पापडासारखी वाकते असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा होतं वेगळंच: तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. 0.02 ते 0.03 मिलिमीटरचा फरकही पायाला आणि हाताला जाणवू शकतो. आपला केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी!

हा फरक येतो मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, घाट उतरून डिस्क लालबुंद तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरणं. पॅडचा थर त्या एकाच जागी चिकटतो. पुढे ती जागा जास्त घासते, जास्त तापते आणि तिथलं बिडाचं लोखंड कडक होतं. हे कडक डाग खोलवर जातात, म्हणून लेथवर घासूनही त्रास परत येऊ शकतो.

दुसरं कारण आमच्याकडे निघालं. एका जुन्या मेकॅनिकने चाक काढलं आणि मोबाईलचा टॉर्च मारून दाखवलं: डिस्क जिथे हबवर बसते तिथे गंजाचा थर होता. शिवाय पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट कसेही आवळलेले. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजते. पहिल्या गॅरेजने डिस्क घासली, हब साफ केलाच नाही. उपाय काय? हब तारेच्या ब्रशने साफ करायचा, नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणायचे. बस्स.

पेडल मऊ होण्याचं कारण मात्र ब्रेक ऑइल असू शकतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 चं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते! म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. आमचं कधी बदललं होतं, हे मामांना आठवतच नव्हतं.

आता चालवण्याची सवय. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गेअर टाका, दुसरा किंवा तिसरा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबून कमी करा आणि पाय पूर्ण काढा. "न्यूट्रलला डिझेल वाचतं" हा तर निव्वळ गैरसमज. आजकालच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गेअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वेगही आवरा: 60 ऐवजी 80 वरून थांबलात तर उष्णता जवळपास पावणेदोन पट. उतरल्यावर लगेच थांबू नका, दोन-चार किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा. तापलेल्या चाकावर पाण्याचा फवारा तर अजिबात नको.

स्टेअरिंग थरथरलं तर दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये, सीट थरथरली तर मागच्या ड्रमकडे बघा. ब्रेक न मारताही थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग तपासा.

मामांनी शेवटी नवी डिस्क आणि पॅड टाकले, कारण जुनी डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली होती. नव्या पॅडनंतर रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारले, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडचा थर सगळीकडे सारखा बसतो. पंक्चर काढलं की मामा आता स्वतः टॉर्क रेंच काढतात. पंक्चरवाला हसतो, हसू दे.