नाव मालकाचे, आडनाव मराठीचे

मराठी दूरचित्रवाहिन्यांच्या नामांतराचा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. अल्फा मराठीची झी मराठी झाली, ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी, स्टार माझाचा एबीपी माझा आणि आयबीएन लोकमतचे न्यूज१८ लोकमत. या चारही जोड्यांत पहिला शब्द बदलला, दुसरा टिकला. पहिला शब्द मालकाचा असतो. कंपनी विकली गेली, भागीदारी तुटली किंवा धोरण फिरले की तो पुसला जातो. दुसऱ्याला सहसा कोणी हात लावत नाही, कारण प्रेक्षक त्याच शब्दाने वाहिनी ओळखतो.

खाजगी वाहिन्यांच्या आधी फक्त दूरदर्शन होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. नव्वदच्या दशकात उपग्रहावरून मराठी कार्यक्रम दिसू लागले तेव्हा त्या वाहिनीला डीडी-१० असे क्रमांकाचेच नाव होते. २००० साली तिचे ‘सह्याद्री’ झाले. विदर्भातल्या यवतमाळहून सह्याद्री पर्वत दिसत नाही. पण ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम पाहणाऱ्या शेतकऱ्याचे त्यावाचून काही अडले नाही, आणि डीडी-१० हा आकडा पाहता पाहता विस्मरणात गेला.

झी समूहाने १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू केली. बंगाली, पंजाबी आणि गुजराती वाहिन्यांनाही ‘अल्फा’ हेच नाव होते. पुढे समूहाने या सगळ्यांना आपल्या मूळ नावाखाली आणले आणि २००५ च्या मार्चमध्ये अल्फा मराठीची झी मराठी झाली. त्या वेळी ‘वादळवाट’ ही मालिका चालू होती आणि ‘होम मिनिस्टर’ आदल्याच वर्षी सुरू झाला होता. दोन्ही नव्या नावाखाली पुढे चालू राहिले. लोक मालिकेच्या वेळेला टीव्हीसमोर बसतात, लोगोच्या नव्हे, हे त्यातून दिसले. तेव्हा मालकही बदलला नव्हता, बदलली होती ती फक्त पाटी. मराठीतले सर्वांत सुरळीत पार पडलेले नामांतर बहुधा हेच.

ईटीव्हीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू केली. कारभार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. महाराष्ट्राच्या बातम्याही तिथूनच वाचल्या जात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तिथे ११ वर्षांहून जास्त चालली, भाग ३००० च्या वर गेले. दरम्यान ईटीव्हीच्या तेलुगूखेरीज इतर भाषांतल्या वाहिन्या टीव्ही१८ समूहाकडे गेल्या आणि मार्च २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. कन्नड, बंगाली, गुजराती आणि ओडिया वाहिन्यांचेही त्याच सुमारास हेच झाले. तेलुगू वाहिनी मात्र रामोजी रावांकडेच राहिली. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या पाटणबोरी, झरी-जामणी या तेलंगणाला लागून असलेल्या भागात, जिथे मराठीबरोबर तेलुगूही बोलली जाते, एक मजेशीर स्थिती आली: तेलुगू कार्यक्रम पूर्वीप्रमाणेच ईटीव्हीवर आणि मराठी कार्यक्रम कलर्सवर.

वृत्तवाहिन्यांच्या नामांतरामागे कायदाही होता. १ जुलै २००६ च्या सुमारास पंतप्रधान मनमोहन सिंग शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात आले, तेव्हा मराठीत चोवीस तासांची एकही वृत्तवाहिनी नव्हती. २००७ च्या सुरुवातीला झी २४ तास आणि जूनमध्ये स्टार माझा आली. वृत्तवाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा तेव्हा नियम होता. म्हणून स्टारने कोलकात्याच्या आनंद बाजार पत्रिका समूहाबरोबर कंपनी काढली होती. ७४ टक्के हिस्सा कोलकात्याचा, पण पडद्यावरचे नाव स्टारचे. २०१२ मध्ये स्टारने भागीदारी सोडली आणि नावही परत घेतले. १ जून २०१२ पासून स्टार माझाचा एबीपी माझा झाला. ‘एबीपी’ म्हणजे आनंद बाजार पत्रिका, हे ती वाहिनी रोज पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल याची शंकाच आहे. ‘माझा’ राहिले आणि प्रेक्षकांनी उरलेले सोडून दिले. बोलताना लोक आजही नुसते ‘माझाला लाव’ म्हणतात.

नाव बदलणे म्हणजे फक्त पडद्याच्या कोपऱ्यातला लोगो बदलणे नव्हे. आधी माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. मग शीर्षकसंगीत, बातम्यांच्या पट्ट्या, स्टुडिओचा सेट, ओबी व्हॅनची रंगरंगोटी, ओळखपत्रे. जिल्ह्याच्या ठिकाणी हा बदल सगळ्यात आधी दिसतो तो बूमवर. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पत्रकार परिषदेत टेबलावर माइकची रांग लागते. प्रत्येक माइकवर वाहिनीच्या नावाचा चौकोनी ठोकळा, तो बूम. बातमीदार तोच, कॅमेरा तोच, फक्त बूम नवा. पुढाऱ्यांनाही बूम पाहूनच कळते की कोण आले आणि कोण नाही.

न्यूज१८ लोकमत या चौथ्या वाहिनीच्या नावातला टिकलेला शब्द तर यवतमाळचाच आहे. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ हे नियतकालिक काढले. स्वातंत्र्यानंतर यवतमाळच्याच जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा चालवले आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये नागपूरहून दैनिक सुरू केले. ६ एप्रिल २००८ रोजी, गुढीपाडव्याला, राजदीप सरदेसाई यांच्या आयबीएन समूहाच्या भागीदारीत आयबीएन लोकमत वाहिनी निघाली. संपादक होते निखिल वागळे. २०१४ मध्ये आयबीएनचा मूळ समूह नेटवर्क१८ रिलायन्सच्या ताब्यात गेला, समूहाच्या वृत्तवाहिन्यांवरून ‘आयबीएन’ टप्प्याटप्प्याने उतरले आणि ‘न्यूज१८’ चढले. अण्यांच्या काळापासूनचा शब्द मात्र जागच्या जागी राहिला.

ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. तिथल्या यूकेटीव्ही समूहाची ‘यूकेटीव्ही जी टू’ नावाची एक वाहिनी होती; नावावरून काहीच बोध होत नसे. ऑक्टोबर २००७ मध्ये तिचे नाव सरळ ‘डेव्ह’ ठेवले, आणि कार्यक्रम बहुतांशी जुनेच असूनही प्रेक्षक वाढले. मालकाचे नाव पुसून माणसाचे नाव देण्याची ही युक्ती गाजली. पण २०२४ च्या जुलैमध्ये त्याच समूहाने डेव्हच्या आधी ‘यू’ हे अक्षर जोडले. मोबाइलवरच्या ॲपमध्ये एकट्या डेव्हला कोण शोधणार, हा हिशेब त्यामागे होता.

तोच हिशेब आता इकडेही आला आहे. केबल अ‍ॅनालॉग होती तेव्हा वाहिनीची खरी ओळख म्हणजे केबलवाल्याने दिलेला क्रमांक. डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात यवतमाळसारखी शहरे आणि चौथ्या टप्प्यात खेडी आली. शेवटची मुदत मार्च २०१७ पर्यंत लांबली. सेटटॉप बॉक्समुळे पडद्यावर नावांची यादी आली, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीला किंमतही चिकटली. ज्यांना महिन्याचा खर्च नको होता, त्यांनी पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. तिथे कोणती वाहिनी दिसणार हे बऱ्याच अंशी लिलावावर ठरते, त्यामुळे आज असलेली उद्या असेलच असे नाही.

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी कलर्स वाहिन्या चालवणारी व्हायाकॉम१८ आणि स्टार इंडिया यांचे विलीनीकरण पूर्ण होऊन जिओस्टार ही कंपनी उभी राहिली. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या मराठी वाहिन्या एका छताखाली आल्या. या वेळी मालक बदलूनही पाट्या बदललेल्या नाहीत. दोघींच्या मालिका आता जिओहॉटस्टार या एकाच ॲपवर मिळतात.