चिठ्ठीत निघालेली बाजू

वादविवादाच्या सरावात बाजू मी चिठ्ठी टाकून ठरवतो. त्या शनिवारी विषय होता, ‘राष्ट्रध्वज जाळणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे काय?’ खानापूरच्या मुलीला अनुकूल बाजू निघाली आणि तिचा चेहराच उतरला. “सर, बदलून द्या ना. घरी कळलं तर बाबा ओरडतील.”

तिची भीती अगदीच खोटी नव्हती. आम्ही बसलो होतो हुबळीत. इथल्याच बेंगेरीत खादी ग्रामोद्योग संघाच्या बायका तिरंगा शिवतात आणि तो देशभर जातो. ईदगाह मैदानावर ध्वज फडकवण्याच्या वादात १५ ऑगस्ट १९९४ला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली, तेही याच गावात.

बाजू मी बदलली नाही. उलट आधी तिला पूर्वपक्ष मांडायला लावला. आपल्या शास्त्रार्थाची ही जुनी रीत: समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्यानंच मान डोलवावी. मुलांना हेच सगळ्यात जड जातं. स्वतःच्या बाजूनं पाच मिनिटं धडाधड बोलणारी पोरं इथे अर्ध्या मिनिटात अडखळतात.

मग तिनं अमेरिका आणली. ग्रेगरी जॉन्सननं १९८४ साली डॅलसमध्ये ध्वज जाळला. १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. समोरच्या मुलाकडे आपला १९७१चा कायदा तयार होता: लोकांसमोर ध्वज जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद. “अमेरिकेचं अमेरिकेत!” टाळ्या पडल्या. बहुतेक स्पर्धांत वाद इथेच संपतो.

मी दोघांपुढे ध्वजसंहिता ठेवली. फाटका, मळलेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळूनच, संपूर्ण नष्ट करावा, असं तीत लिहिलंय. मुलीनं ते दोनदा वाचलं. “म्हणजे गुन्हा जाळण्यात नाहीच, सर. जाळून लोकांना काही सांगण्यात आहे.”

वर्ग गप्प. मुलगा उठला. “तिचं म्हणणं असं, की शिक्षा कृतीला नाही, अर्थाला आहे. बरोबर?” तिनं मान डोलवली. “मान्य. २००४च्या नवीन जिंदल खटल्यात आपलं न्यायालयही म्हणालं, की ध्वज फडकवणं ही अभिव्यक्तीच आहे. पण त्याच निकालात त्या हक्काला मर्यादाही सांगितल्या. बोलणं आहे म्हणून ते मोकळंच असेल, असं नाही.”

मुद्दा मुलीचा मोठा होता. गुण मी मुलाला दिले, पूर्वपक्षाचे. पुढच्या शनिवारी विषय तोच, चिठ्ठ्या उलट.