वऱ्हाडातला सिकलसेल आणि मिटलेलं जनुक

सिकलसेलचं बाळ जन्मतः ठणठणीत असतं. पाच-सहा महिने उलटले की हातापायांची बोटं सुजू लागतात, बाळ अंगाला हात लावू देत नाही आणि घरचे धावतात अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, नाहीतर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात. या मधल्या महिन्यांत काय बदलतं, याचा माग पाऊणशे वर्षं चालला आहे.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. जॅनेट वॉटसन यांनी ताडलं, की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन या बाळांना सांभाळत असावं. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. आजार इथलाच आहे, हे कळलं. पण गर्भाचं हिमोग्लोबिन जातं कुठे?

उत्तर १९८० पासून उलगडत गेलं. ते बनवणारं गॅमा जनुक जात नाही, मिटतं. डीएनएमधल्या सायटोसिनला, मुख्यतः पुढे ग्वानिन असेल तिथे, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा मिथाइल गट चिकटतो. जनुकाचं एकही अक्षर बदलत नाही. पण त्याच्या सुरुवातीला असे गट दाटले, की त्यांना ओळखणारी प्रथिनं येऊन तो भाग आवळून बांधतात आणि जनुकाचं वाचन थांबतं. पेशी दुभंगताना एक विकर त्याच खुणा नव्या धाग्यावर उतरवतं. म्हणून मिटलेलं जनुक पुढच्या पेशीतही मिटलेलंच राहतं.

मग ते उघडता येईल का? १९८२ मध्ये अमेरिकेत थॅलेसेमियाच्या एका रुग्णाला अ‍ॅझासायटिडिन दिलं. ते या विकरालाच अडकवतं. गॅमा जनुक जागं झालं. शंकेखोर म्हणाले, औषध पेशी मारतं, त्या धक्क्यानेच हे होत असेल. ते पडताळायला मिथाइलला हात न लावणारं हायड्रॉक्सीयुरिया वापरून पाहिलं, तर गर्भाचं हिमोग्लोबिन त्यानेही वाढलं! वाद मिटला नाही, पण औषध हाती आलं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांना रोज किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही घटले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले.

२०२३ मध्ये गॅमा जनुक दाबणाऱ्या प्रथिनावर घाव घालणारा जनुकीय उपचारही मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. त्याच वर्षी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्याच्या शिबिरात रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुढची तपासणी.

वऱ्हाडाला परवडणारा मार्ग हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलचाच. मात्र ती थांबली, की गर्भाचं हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं. त्यामुळे धारणी-चिखलदऱ्याच्या आरोग्य केंद्रांत हायड्रॉक्सीयुरियाचा साठा बारा महिने टिकतो का, हा प्रश्न आता प्रयोगशाळेइतकाच मोलाचा आहे.